गावच्या स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात का?

काचवाला

आमच्या तालुक्याच्या गावातला सगळ्यात जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक वारले, मुलं पुण्याला, जागेचा सौदा ठरलाय. माळ्यावर खाचांच्या लाकडी पेट्यांत उभ्या लावलेल्या काचेच्या निगेटिव्ह निघाल्या. बटरपेपरच्या पाकिटांत 120 नंबरच्या रोल फिल्मचे तुकडे आणि ऑर्डरच्या जाडजूड वह्याही निघाल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू होऊन रंगीत फोटो येईपर्यंतचं सगळं. मुलांनी ते वाचनालयाला देऊन टाकलं. आम्ही काही जण रविवारी बसतो, लाइटबॉक्सवर काच ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपतो आणि कॉम्प्युटरवर पॉझिटिव्ह करतो.

परवाचीच एक काच. मागे कमानी आणि कारंजं रंगवलेला पडदा, पुढे दोन भाऊ. थोरल्याने डावा हात गुडघ्यावर असा ठेवलाय की घड्याळ बरोब्बर कॅमेऱ्याकडे. धाकटा अनवाणी, पण डोक्याला पटका. भिंगातून पाहिलं तर दोघांच्या गालांवर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा. निगेटिव्हवर रिटचिंग करून गडी उजळ केलेत! काठावर खरवडलेला नंबर. वहीत तो शोधला की नाव, गाव, कॉप्या किती, ॲडव्हान्स किती, सगळं हजर.

माझं म्हणणं, हे सगळं इंटरनेटवर टाकावं, कुलूप न लावता. आपल्या पणज्यांचे चेहरे जगाने पाहिले ते साहेबाच्या कॅमेऱ्यातून. 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे 8 खंड काढले, त्यात माणूस म्हणजे त्याच्या जातीचा नमुना. 1896-97 च्या प्लेगचे मुंबईतले फोटो लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत, आज कुणालाही घरबसल्या बघता येतात. त्यातल्या खाटेवरच्या रोग्याला कुणी विचारलं होतं? स्टुडिओतला माणूस मात्र स्वतःच्या पायांनी, पदरचे पैसे मोजून, ठेवणीतले कपडे घालून आला होता. हा फोटो त्याचा आहे. तो कपाटात कुजवून काय साधणार? आमच्यातल्या दोघांचा विरोध आहे, म्हणून धागा काढला.

बाळू मिरजवाला

टाका बिनधास्त. आमच्याकडच्या एका स्टुडिओने काचा गरम पाण्यात टाकून खरवडल्या आणि देवांच्या तसबिरींना लावल्या. फिल्म चांदीसाठी एक्स-रे घेणाऱ्या भंगारवाल्याला. आणि वाचनालयात ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा भ्रम आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 2005 च्या पुरात बुडालं, सावरलं, 2021 च्या जुलैत परत बुडालं. एकच प्रत एकाच इमारतीत ठेवणं म्हणजे नदीच्या भरवशावर बसणं.

वैशाली_सातारा

काचवाले दादा, तुमच्याच वाक्यावरून बोलते. “हा फोटो त्याचा आहे.” मग त्याला किंवा त्याच्या घरच्यांना न विचारता तुम्ही तो जगापुढे कसा मांडणार? तो आला होता घरच्या भिंतीवर लावायचा फोटो काढायला.

स्टुडिओत कसले कसले फोटो निघायचे ते आठवा. मुलगी दाखवायचे फोटो. एकाच मुलीचे तीन तीन वर्षं, दरवेळी वेगळी साडी, कारण लग्न जमत नव्हतं. तिची नातवंडं आज तुमच्या-माझ्या आसपास आहेत. मग मयताचे फोटो: प्रेत खुर्चीला टेकवून बसवलेलं, आजूबाजूला पोरं, बायको. त्या कुटुंबाकडे त्या माणसाचा तेवढा एकच फोटो असायचा. तो त्यांच्यापुरता होता. तुमच्या पेटीत असे नसतील तर मी माझे शब्द मागे घेते.

काचवाला

आहेत. मयताचे बरेच आहेत. दाखवायचे तर भरपूर. पण वैशालीताई, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसाची परवानगी कुणाकडून घ्यायची? एका फोटोत अकरा माणसं, अकरांचे वारस कुठे कुठे. विचारत बसलो तर आमच्या हयातीत एक पेटी संपायची नाही. आपल्याकडे ‘परवानगी घेऊ’चा अर्थ ‘राहू दे’ असाच निघतो.

वकीलकाका

कायद्याचं थोडं. लोकांना वाटतं निगेटिव्ह ज्याच्याकडे, हक्क त्याचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचा. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, फोटोग्राफरचा नव्हे. म्हणजे त्या मुलांनी वाचनालयाला काचा दिल्या, वह्या दिल्या; त्या काळच्या पोर्ट्रेटचे हक्क बहुतेक त्यांच्या हातात नव्हतेच. दानपत्रावर ‘सर्व हक्कांसह’ लिहून घेतलं असेल तर ते नुसतं शोभेचं. अर्थात एखाद्या आजीच्या फोटोवरून कोर्टात कोण जातंय? खटल्याची भीती घालत नाही, फक्त ‘मुलांनी दिलं म्हणजे आमचं झालं’ हे चालणार नाही एवढंच.

फडावरचा

मी गप्प वाचत होतो, पण आता लिहितो. माझी आजी तमाशात होती. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरल्या की फड निघायचा, आणि जत्रेच्या गावात स्टुडिओ असला की तिथं फोटो. शालू, नाकात नथ, एक हात कमरेवर. असा एक फोटो माझ्या वडिलांनी ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र घालून त्याखाली ठेवला होता. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. बहिणीच्या सासरी माहीत नाही. तुमच्या पेटीत माझी आजी असू शकते. उद्या फोटो, नाव, गाव, फड असं सगळं गूगलवर आलं तर बहिणीला टोमणे कोण ऐकवणार, तुमचं वाचनालय?

सुधारक_नव्हे

फडावरचे, राग मानू नका, पण लपवून लपवूनच त्या बायका नाहीशा झाल्या. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. तुमच्या आजीसारख्या शेकडो जणी त्याच बोर्डावर नाचल्या, गायल्या, आणि त्यांचं कुठे काही नाही. लाज त्यांना नव्हती, नंतरच्या पिढीला वाटली. मग आपण ती लाज कुलपात जपायची का?

फडावरचा

विठाबाईंचं नाव सगळे घेतात. पदक पण मिळालं आणि शेवटी पैशापायी हाल पण झाले, तेही सांगा की. तुम्हाला माझी आजी ‘कलावंत’ म्हणून बघायची आहे, छान वाटतंय. ज्या गावात ती राहिली ते गाव तिला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. लाज कुणाची ते मी ठरवीन. तुम्ही शहरातून नका ठरवू.

सुधारक_नव्हे

पटलं असं नाही म्हणणार, पण उत्तर नाही माझ्याकडे.

भीमनगर_नाका

सगळे ‘कुणाचे फोटो दाखवायचे’ यावर भांडताय. कुणाचे फोटो पेटीत नाहीतच, ते कोण बोलणार? त्या काळात स्टुडिओची पायरी चढायला पैसे लागायचे, आणि काही ठिकाणी पैसे असून पायरी चढू देत नव्हते. आमच्या वस्तीत 1956 च्या आधीचा फोटो म्हणजे मुंबईला गिरणीत किंवा पलटणीत गेलेल्या माणसाचा, तोही तिकडेच काढलेला. त्यामुळे ‘गावाचा इतिहास’ असा बोर्ड लावू नका. ज्यांना परवडलं त्यांचा इतिहास म्हणा.

बाबासाहेबांची अंत्ययात्रा, 7 डिसेंबर 1956, दादर चौपाटी. त्या दिवसाचं चित्रीकरण आज आहे ते नामदेवराव व्हटकरांनी स्वतः खर्च सोसून केलं म्हणून. आमचा संग्रह असाच झाला, कुणाच्या माळ्यावर आपोआप साठला नाही.

काचवाले, एक सरळ प्रश्न. वहीत नावापुढे जात लिहिली आहे का?

काचवाला

काही पानांवर आहे. ‘…महार’, ‘…रामोशी’ असं. बाकीच्यांची नुसती आडनावं.

भीमनगर_नाका

वाटलंच. साहेबाच्या 8 खंडांवर तुम्ही टीका केलीत ना, फोटोखाली जात म्हणून? ही वही जशीच्या तशी टाकलीत की नववा खंड तयार.

डार्करूम_पेन्शनर

तत्त्वं चालू द्या. तोवर एक काम करा: फिल्मची पाकिटं उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, सडायला लागलंय. ती पाकिटं बाकीच्यांपासून लांब ठेवा, वास पसरतो तसा रोगही पसरतो. काही फिल्म चिकट, पिवळसर, ठिसूळ असेल तर नायट्रेट, म्हणजे पटकन पेट घेणारी जुनी फिल्म, असण्याची शक्यता. ती घरात नको, वाचनालयात तर नकोच. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या कोठारात नायट्रेटला आग लागली, प्रभातच्या कितीतरी रिळांचा धूर झाला. काचेची फोटोची बाजू, मंद दिसते ती, ओल्या फडक्याने पुसू नका. कोकणातली बुरशी लागलेली असेल तर फोटो फडक्यासकट निघून येईल. फक्त मऊ ब्रशने धूळ. स्कॅन करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. आधी स्कॅन, मग वर्षभर भांडा.

काठमांडूहून_रेवती

मी कामानिमित्त नेपाळमध्ये असते. इथं 2011 पासून नेपाळ पिक्चर लायब्ररी आहे. लोकांच्या घरचे अल्बम घेतात, स्कॅन करतात, मूळ फोटो परत करतात. आता लाखाच्या वर चित्रं झाली असतील. दलितांच्या आयुष्यावर, बायकांच्या चळवळीवर त्यांनी प्रदर्शनंही केली. आपल्याकडे इंडियन मेमरी प्रोजेक्टने 2010 पासून तेच लहान प्रमाणात केलं: एक फोटो, आणि घरच्यांनी सांगितलेली त्याची गोष्ट. दोन्हींत फोटो घरच्यांच्या हातून येतो, माळ्यावरून नाही.

तुम्ही उलट बाजूने करून बघा. गावच्या जत्रेत नाहीतर एसटी स्टँडजवळच्या हॉलमध्ये प्रिंट काढून टांगा, नाव न लिहिता. लोक येऊन ओळखतील. ज्यांनी ओळखला त्यांना विचारा, टाकू का.

बाळू मिरजवाला

जत्रेत टांगलं तर फडावरच्यांची आजी गावभर होईल ना? इंटरनेटवर निदान शोधावं लागतं. गावात तर समोरच उभे राहून म्हणतील, अरे ही तर अमक्याची.

काठमांडूहून_रेवती

बरोबर. म्हणून मयताचे, फडाचे, दाखवायचे फोटो आधी बाजूला काढायचे. आणि निवडायला गावातल्याच म्हाताऱ्या बायका बसवा. वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या पुरुषांना ‘दाखवायचा’ फोटो ओळखूही येणार नाही.

वैशाली_सातारा

रेवतीताई, हे पटलं. बायकांना एका नजरेत कळतं. केस कसे बांधलेत, साडी स्वतःची की शेजारणीची.

काचवाले दादा, माझं भांडण खरं तर फोटोशी नाहीच, वहीशी आहे. नाव नसलेला चेहरा बघून कुणाचं फारसं बिघडत नाही. नाव, गाव, जात आणि ‘बाकी 2 रुपये, आला नाही’ असा शेरा चेहऱ्याला जोडला की मगच त्या घराची अब्रू बाहेर पडते.

काचवाला

पण ताई, वही नसेल तर माझ्या हातात फक्त कारंज्याच्या पडद्यासमोरचे अनोळखी लोक राहतात. मग माझ्यात आणि साहेबात फरक काय? तोही नाव न लिहिताच निघून गेला. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव दप्तरं मागत फिरले तेव्हाही लोक म्हणायचे, आमच्या घरातलं बाहेर जाईल. कित्येकांनी दिली नाहीत, वाळवीला मात्र दिली. मी वही झाकणार नाही. फार तर असं करू: फोटो नंबरसकट टाकायचे, वही वाचनालयात कपाटात ठेवायची. येईल त्याला, ‘माझा आजा’ म्हणेल त्याला, पान उघडून दाखवायचं. घरच्यांनी हो म्हटलं की नाव चढवायचं, आणि जात लिहायची की नाही तेही घरच्यांनी सांगायचं. फडाचे आणि मयताचे सध्या बाजूला.

भीमनगर_नाका

कपाटाची किल्ली कुणाकडे?

काचवाला

ग्रंथपालांकडे.

भीमनगर_नाका

आणि ग्रंथपाल नेमतं कोण? कार्यकारिणी. कार्यकारिणीत किती वर्षं तीच चार आडनावं आहेत ते तुम्ही सांगा, की मी सांगू? आमच्या वस्तीतला पोरगा ‘माझा आजा’ म्हणत आला तर त्याला पुरावा मागणार, पाटलांच्या नातवाला चहा देणार. दुसरी किल्ली आमच्याकडच्या कुणाकडे तरी द्या, मग बघू.

काचवाला

दोन किल्ल्यांचा विषय पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो. होईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. खजिनदारांचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय.

फडावरचा

माझी आजी सापडली तर टाकू नका, एवढं लक्षात ठेवा. पण मला व्यक्तिगत निरोप करा. मला बघायचा आहे.