मदत हवी आहे: तेलातील कण मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म खोटा वाटतो

नमस्कार. आमच्या हायड्रॉलिक प्रेसच्या रिटर्न लाइनवर (तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीवर) आम्ही कण मोजणारा सेन्सर बसवला असून, आयएसओ ४४०६ (तेलाच्या स्वच्छतेचे मानक; तीन आकडे अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे, आकडा जितका मोठा तितके कण जास्त) नुसार १८/१६/१३ ही मर्यादा ओलांडली की पीएलसीवर (यंत्राच्या नियंत्रक संगणकावर) अलार्म यावा, अशी जोडणी केली आहे. मात्र सकाळी प्रेस सुरू होताच आकडा २२/२१/१९ वर जातो आणि वीसेक मिनिटांत आपोआप उतरतो; त्याच वेळी काढलेला नमुना प्रयोगशाळेत १७/१५/१२ निघाला. बाटली उजेडात धरली तेव्हा तेलात बारीक बुडबुडे दिसले होते, त्यामुळे सेन्सर हवेलाच कण समजत असावा, असा माझा संशय आहे. (ऑपरेटरांनी तर अलार्मकडे बघणेच सोडले आहे.) सेन्सर दाबाच्या लाइनवर (पंपाकडून दाबाखाली तेल नेणाऱ्या नळीवर) हलवावा, की अलार्मला विलंब लावून भागेल? विलंब किती मिनिटांचा ठेवावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.