मदत हवी आहे: हाउसरॅपवर स्वतःचं नाव छापून घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मेहुणा न्यू जर्सीत घरांना वाढीव खोल्या बांधून देतो, साइडिंग (भिंतींचं बाहेरचं आच्छादन) बदलतो. इथली घरं लाकडी, त्यामुळे भिंतींवर प्लायवुड ठोकून झालं की वर हाउसरॅप, म्हणजे कागदासारखं पातळ प्लास्टिकचं आवरण, गुंडाळायचा. पावसाचं पाणी अडवतो, आतली वाफ बाहेर सोडतो. पण त्यावर कंपनीचं नाव छापलेलं, त्यामुळे साइडिंग चढेपर्यंत ते घर रॅपवाल्या कंपनीची फुकट जाहिरात करत उभं! पलीकडच्या गल्लीत एका कंत्राटदाराने अख्ख्या घरावर स्वतःचं नाव आणि फोन नंबर छापलेला रॅप लावलाय. तेव्हापासून मेहुणा हट्टाला पेटलाय.

माझी धाकधूक वेगळी. मागच्या नोव्हेंबरात आम्ही घाईत नुसत्या स्टेपलवर भागवलं आणि रात्रीच्या वाऱ्यात कोपरा फाटून सकाळपर्यंत फडफडत होता. त्यावर आमचं नाव असतं तर? (आता प्लास्टिकच्या टोपीचे खिळेच वापरतो.)

कुणी असा रॅप छापून घेतला असेल तर सांगा: कमीत कमी किती रोल घ्यावे लागतात? आम्हाला वर्षाला नऊ फुटी पन्ह्याचे दहा-बारा रोल पुरतात, बाकीचे गॅरेजमध्ये ठेवले तर बायको मलाच बाहेर काढेल. ड्यूपॉन्ट कंपनीचा टायवेक होमरॅप 120 दिवस उन्हात उघडा चालतो, छापून मिळणाऱ्यांची मुदत किती असते? एकावर एक चढवलेल्या सहा इंचांच्या जोडात आणि खिडक्यांच्या कापात नंबर अर्धा जातो का? आणि टाउनशिपने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) कधी ‘हा जाहिरातफलक आहे, परमिट काढा’ म्हटलंय का?

मुख्य म्हणजे, भिंतीवरचा नंबर वाचून खरंच कुणाचा फोन आला का?