नवी मस्टँग घ्यावी की बंद झालेली कॅमॅरो?

रावेरचा, सध्या टेक्सासात
भाऊ लोक, व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची गाडी घ्यायचीच आहे. फोर्डची नवी मस्टँग जीटी: ५.० लिटर इंजिन, ४८० एचपी (हॉर्सपॉवर). शेवरलेची कॅमॅरो एसएस: ६.२ लिटर, ४५५ एचपी, पण तिचं २०२४ चं मॉडेल शेवटचं. मन कॅमॅरोकडेच ओढतंय.

धुळे गॅरेज
इंजिनाची काळजी नको भो. कॅमॅरो एसएसचं तेच एलटी१ इंजिन शेवरलेने त्यांच्या आधीच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारलाही दिलं होतं, पार्ट मिळत राहतील. बंपर, हेडलाइट, काचा यांचं मात्र पुढे अवघड. आणि जुनी घेताना टायर नीट बघ. पुढचे निम्मे झिजलेले अन् मागचे कोरे करकरीत, म्हणजे मालकाने बर्नआउटची, म्हणजे जागेवरच मागची चाकं फिरवून टायर जाळायची हौस पुरती भागवलीय. मग क्लचही तपासून घे.

भुसावळची ताई
आधी आत बसून बघ रे. कॅमॅरोच्या खिडक्या इतक्या बुटक्या की मागचं धड दिसत नाही. डिकीचं तोंडही अरुंद. आईबाबा आले तर मोठी बॅग अन् कळण्याच्या पिठाची पिशवी कुठे ठेवशील? मी तर मस्टँगच म्हणेन.

रावेरचा, सध्या टेक्सासात
ताई, पीठ मागच्या सीटवर. तिथे माणूस तसाही बसत नाही! शनिवारी एक लाल एसएस बघायला चाललोय, टायरपासून सुरुवात करतो.