स्वतःची ओळख करून देताना 'आवड' म्हणून काय सांगता? सातारा-सांगलीकर, लिहा बघू

परवा आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाडं आली म्हणून गच्चीवर सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. नाव, गाव, नोकरी धडाधड झालं, आणि आवड काय म्हटलं की निम्म्यांचं तेच, वाचन, प्रवास, गाणी. शाळेतला निबंध झाला की राव हा! तुम्ही खरं कशात रमता आणि ते चारचौघांत सांगितल्यावर काय झालं ते लिहा. कितीही लांबलं तरी चालेल.

सांगलीवाडीकर
माझी आवड पाण्याचे आकडे. हसू नका. जून लागला की उठल्या उठल्या कोयना किती भरली, विसर्ग किती, सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णा किती फूट. धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट), पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ धोका, हे आमच्यात बारकी पोरं पण सांगतात, पण नुसती कोयना बघून भागत नाही, खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून हा नाद जास्तच. सासुरवाडीत पहिल्यांदा सांगितलं तर सासरे म्हणाले, "मग सामान वर कधी न्यायचं ते जावईबापू तुम्हीच सांगत जावा." आता पावसाळाभर त्यांचे फोन.

मिरजवाली
मी बँकेत, वाजवता काही येत नाही. पण सुटल्यावर सतारमेकर गल्लीत ओळखीच्या काकांकडं जाऊन बसते, ते जवारी काढतात, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करतात, ते बघायला. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एवढी हलकी फिरवतात की घासलंय का नाही तेच कळत नाही, मग तार छेडायची, परत घासायचं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढंमागं सरकवायचा, आणि एका जागी तो आला की मुका आवाज एकदम उघडतो, गुंजायला लागतो. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात, ते वाळवून ठेवलेले असतात, त्यांचा ढीग बघायलाच मजा येते. ऑफिसात नवीन साहेबांना "तंबोरा बनवताना बघणे" असं सांगितलं, ते म्हणाले "अच्छा, म्हणजे संगीत." नाही हो, संगीत नाही!

नाक्यावरचा
मला काय आवड नाय. पोवई नाक्यावर चहा घ्यायचा आन् उभं ऱ्हायचं. हे धरतात का?

कासची रिक्षा
धरतात की भावा. आपण साताऱ्यात रिक्षा चालवतो. २०१२ ला आमचं फुलांचं कास पठार जागतिक वारशात गेलं आणि गर्दी लय वाढली, लोक फुलांत बसून फोटो काढायला लागले, तिथं माझं डोकं फिरतं. आपली आवड म्हणजे सीतेची आसवं. निळी-जांभळी नाजूक फुलं, पण झाड किडे खातं! मुळाशी बारक्या पिशव्या असतात, ओल्या मातीतला किडा आत ओढतात. पाहुण्यांना सांगितलं की आधी कुणी खरं मानत नाही. टोपली कारवीचं झुडूप तर सात वर्षांनी एकदाच फुलतं, त्यामुळं "यंदा फुलली का" विचारणाऱ्यांना काय सांगायचं सांगा.

कराडचा उमेदवार
सरावाच्या मुलाखतीत मी छंद लिहिला "कुस्ती बघणे". क्लासमधले सर म्हणाले हे खोड, वाचन लिही. नाही खोडलं. पॅनेलनं खाशाबा जाधव विचारले, ते तर आमच्या शेजारचे, गोळेश्वरचे, १९५२ हेलसिंकी ऑलिंपिक, कांस्य, झोपेत पण सांगेन. मग विचारलं मातीत आणि मॅटवर फरक काय. म्हटलं सर, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण, आमच्या जत्रेतल्या मैदानात चीतपट झाल्याशिवाय लोक घरी जात नाहीत. तिथनं पुढं पॅनेलमधले दोघं आपसातच भांडायला लागले, ढाक डाव भारी का धोबीपछाड, मला प्रश्नच नाही.

वाईकर सून
मिरजवाली ताई, माझ्या सासूबाईंचा तंबोरा माळ्यावर पडून आहे, भोपळ्याला तडा गेलाय. त्या काकांकडं दुरुस्त होईल का? आणायचा झाला तर एसटीत कसा आणायचा ते पण सांगा.