आउटबोर्ड इंजिन चालू असूनही बॅटरी चार्ज होत नाही, आधी काय तपासू?

सुकाणू
नमस्कार मंडळी. लहान होडी आहे, १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन), सेल्फ स्टार्ट. १२ व्होल्टची एकच बॅटरी, फार जुनी नाही. तिच्यावर सेल्फ, दिवे, फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र) आणि बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा). सकाळी सेल्फ लगेच लागतो, परतताना मात्र नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि दोरी ओढावी लागते. रात्री चार्जरला लावली की बॅटरी पुन्हा ठणठणीत.

मल्टीमीटर लावून बघितला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट, चालू असताना १२.३च. रेस वाढवली तरी आकडा जागचा हलत नाही. एक मेकॅनिक म्हणतो स्टेटर (चार्जिंगची वीज तयार करणारी कॉइल) गेला, दुसरा म्हणतो बॅटरी बदला. स्टेटर म्हणजे फ्लायव्हील (इंजिनवरचं जड फिरतं चाक) उतरवणं आलं, खर्चही मोठा. कुणी अनुभवी सांगेल का, सुरुवात कुठून करू?

तांब्याची तार
अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्या आकड्यांवरून एवढंच कळतं की चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचत नाही. ते तयारच होत नाही की वाटेत अडतंय, हे कळल्याशिवाय स्टेटरला दोष देता येणार नाही.

वाट अशी असते: फ्लायव्हीलमधले चुंबक फिरतात, खालच्या कॉइलमध्ये म्हणजे स्टेटरमध्ये एसी तयार होतो, रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचा डीसी करून व्होल्टेज आवरतो, आणि तो फ्यूजमधून बॅटरीला जातो. सेल्फची जाड केबल वेगळी असते. म्हणून सेल्फ फिरतो याचा अर्थ चार्जिंगची वायर धड आहे असा होत नाही.

इंजिन पाण्यात ठेवून किंवा पाण्याची नळी जोडूनच चालू करा. कोरडं चालवलंत तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (रबरी पंखा) जळेल. झाकण काढल्यावर हात, बाह्या, दोरी फ्लायव्हीलपासून लांब. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल पिनने दोन ठिकाणी मोजा: रेक्टिफायरमधून बाहेर येणाऱ्या लाल वायरवर आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्हींत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष त्या दोन जागांच्या मधे आहे. फ्यूज, फ्यूजचा होल्डर, प्लग, लग (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा जोड), एकेक टप्पा मोजत पुढे जा. निगेटिव्हच्या बाजूनेही तसंच, बॅटरीचा निगेटिव्ह ते इंजिनची बॉडी.

फक्त मीटरची ‘बीप’ (वायर सलग असेल तर वाजणारी चाचणी) लावून वायर तपासू नका. त्या चाचणीत मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. दहा धाग्यांतला एक शिल्लक असला तरी बीप वाजते, आणि खरा करंट जायला लागला की तिथेच व्होल्टेज पडतं.

रेक्टिफायरवरही १२.३च आले तर मागे जा. स्टेटरच्या दोन वायर (बऱ्याच इंजिनांत पिवळ्या किंवा हिरव्या) इंजिन बंद करून सोडवा. एकमेकींमधला रेझिस्टन्स अगदी कमी यायला हवा, आणि बॉडीशी अजिबात जोड दिसायला नको. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

शांत खाडी
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण बॅटरीही एकदा नक्की करून घ्या. रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवा. १२.६-१२.७ असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग सेल्फ मारताना व्होल्टेज बघा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर तिच्यात दम नाही.

टर्मिनलला पंखवाले नट असतील तर काढून टाका. होडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. षटकोनी नट आणि लॉक वॉशर घालून पान्याने आवळा.

आणि एक कळकळीची विनंती: इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नका, मेन स्विचही बंद करू नका. ‘केबल काढली तरी इंजिन चालतंय का बघा’ असा सल्ला अजूनही दिला जातो, आणि त्यात धडधाकट रेक्टिफायर जळतात.

सुकाणू
सापडलं! रेक्टिफायरच्या लाल वायरवर १४.६ आणि त्याच वेळी बॅटरीवर १२.३. एकेक जोड मोजत गेलो, तर फ्यूज होल्डरच्या एका बाजूला १४.६, दुसऱ्या बाजूला १२.३. फ्यूज शाबूत आहे. होल्डर उघडला तर आत हिरवी पूड, एक पाकळी अर्धी खाल्लेली. वायरचं रबर थोडं सोललं तर आतलं तांबंही काळं पडलेलं. गंमत म्हणजे बीप व्यवस्थित वाजत होती.

तात्पुरता नवा होल्डर लावून पाहिलं: ३००० आरपीएमला १४.१. पण अगदी हळू चालवताना १२.८च येतात. अजून काही राहिलंय का?

तांब्याची तार
छान काम केलंत, आणि स्टेटर वाचला. ती आतून काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तांब्यावर लग दाबलात तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच होईल. कल्हई केलेली, समुद्री वापराची वायर घ्या, फ्यूज जुन्याच अँपिअरचा ठेवा, जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. झाकणबंद होल्डर घ्या आणि पाणी साचणार नाही असा उंच बसवा.

हळू चालवताना १२.८ यात दोष नाही. लहान इंजिनांची कॉइलच छोटी. या ताकदीची बरीच इंजिनं पूर्ण वेगाला ६ ते १२ अँपिअर देतात, आयडलला त्यातले जेमतेम एक-दोन.

शांत खाडी
म्हणून खर्चाचा हिशेब करा. फिशफाइंडर साधारण एक अँपिअर, जुन्या बल्बचे दिवे दोन, पंप चालू झाला की आणखी तीन-चार. दिवसभर हळूहळू गळ ओढत फिरलात तर चार्जिंग नीट असूनही बॅटरी उतरेल. बल्बच्या जागी एलईडी लावले तर बराच फरक पडतो.

होडी उभी असतानाही मोजा. सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मीटर अँपिअरवर लावा, आणि तो लागलेला असताना सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअर किरकोळ वाटतात, पण पंधरा दिवसांत तेवढ्यानेच १८ अँपिअर-तास जातात. वापर नसताना मेन स्विच बंद ठेवा. बिल्ज पंपाचा ऑटो स्विच मात्र स्वतःच्या फ्यूजसकट थेट बॅटरीवर राहू द्या, होडी पाण्यात उभी असते तेव्हाच त्याची गरज लागते.