अमेरिकेत ‘किंमत तुम्ही सांगा’ पद्धतीने लेन्स घ्यायची आहे, आकडा किती टाकू?

गोरेवाडा_पहाट | ८ सप्टेंबर २०२४

नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. गेली चार वर्षं रविवारी पहाटे गोरेवाड्याला पक्षी पाहायला जाते. कॅमेरा निकॉन झेड ५०, आणि त्याच्यासोबत आलेली ५०-२५० लेन्स. मागच्या जानेवारीत तलावाच्या पलीकडच्या वठलेल्या झाडावर सर्पगरुड वीस मिनिटं बसून होता. ऊन छान, हवा स्वच्छ, मीही हलले नाही. घरी येऊन फोटो उघडले तर गरुड तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा करायला गेलं की नुसते ठिपके. त्या दिवसापासून लांबचं जवळ आणणारी निकॉनची झेड १८०-६०० लेन्स डोक्यात बसली आहे.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, विचारलं तर पावणेदोन लाखांच्या आसपास सांगतात. माझी भिशी ऑगस्टमध्ये लागली, त्यात साठवलेले घालून मी एक लाख साठ हजारांपर्यंत जाऊ शकते. त्यापुढे नाही. कर्ज काढून छंद करायचा नाही हे आमच्याकडे ठरलेलं आहे.

काल गणपतीच्या आरतीनंतर लहान भावाचा फोन आला. तो न्यू जर्सीत असतो, दिवाळीला येणार आहे. त्याने सांगितलं की तिकडे अशी सेवा असते की आपणच किंमत टाकायची, आणि एखाद्या दुकानदाराला परवडली तर तो देतो. म्हणाला, ‘ताई, तू आकडा सांग, मी टाकतो.’

आता मला कळत नाही की आकडा ठरवायचा कसा. फार कमी टाकला तर कोणी देणार नाही, आणि जास्त टाकला तर मग दुकानातूनच का घेऊ नये? शिवाय कार्ड त्याचं आहे. माझ्या चुकीने त्याचे पैसे अडकले तर मला झोप येणार नाही. कोणी अशी वस्तू मागवली असेल तर नीट समजावून सांगा.

संत्रानगरी | ८ सप्टेंबर २०२४

मॅडम, सोपं आहे. भावाला म्हणा, डबा तिकडेच टाक, लेन्स कॅमेऱ्याला लावून गळ्यात घाल आणि ये. मुंबईला कस्टमचं कोणी विचारत नाही. आकडा कितीही टाका, फायदाच आहे.

सदर ते शिकागो | ९ सप्टेंबर २०२४

ताई, मी मूळचा नागपूरच्या सदरचा, अकरा वर्षं इकडे आहे. या पद्धतीने एक ट्रायपॉड आणि एक फ्लॅश घेतला आहे, म्हणून लिहितो.

ही रीत जुनी आहे. प्राइसलाइन या प्रवासाच्या बुकिंगच्या वेबसाइटने १९९८ मध्ये विमानाच्या तिकिटांसाठी ती लोकांच्या अंगवळणी पाडली. प्रवाशाने आकडा टाकायचा, सोबत कार्डाचा नंबर द्यायचा, आणि एखाद्या विमान कंपनीने होकार दिला की पैसे कापले गेलेच. मागे फिरता येत नसे. कॅमेऱ्यांसाठी ग्रीनटो नावाची सेवा याच वाटेने निघाली. म्हणजे तुम्ही टाकलेला आकडा हा नुसता अंदाज नसतो, तो शब्द असतो. दुकानदाराने ‘हो’ म्हटलं की तुमच्या भावाने लेन्स घेतली.

दुकानदार कमी किमतीला का देतो, हे कळलं की आकडा ठरवणं सोपं जातं. इकडे कॅमेरा कंपन्या दुकानांना जाहिरातीतली किमान किंमत बांधून देतात. त्याखालचा भाव दुकानाने जाहिरातीत किंवा वेबसाइटवर लावायचा नाही. लावला तर कंपनी माल द्यायचं थांबवू शकते. पण ही अट जाहिरातीची आहे. एका गिऱ्हाइकाला खाजगीत कमी भावाने विकायला ती आड येत नाही. म्हणूनच सगळ्या दुकानांत एका लेन्सचा भाव पैशापर्यंत सारखा दिसतो, आणि म्हणूनच बंद पाकिटातल्या आकड्याची ही पद्धत चालते.

तुम्ही म्हणता ती लेन्स २०२३ मध्ये आली तेव्हा १,६९६.९५ डॉलरची होती. मागणी खूप होती, लोक नाव नोंदवून थांबले होते. असा माल ज्याच्याकडे आहे त्याला भाव उतरवायची घाई नसते. माझ्या ट्रायपॉडवर चांगली सूट मिळाली कारण ते मॉडेल पडून होतं. पट्टे, बॅगा, फ्लॅश यांवर दुकानाला नफा बरा सुटतो, तिथे तो हात सैल सोडतो. नव्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर आणि गाजलेल्या लेन्सवर फारसं काही सुटत नाही.

भावाला आणखी दोन गोष्टी सांगा. कंपनीनेच तपासून दुरुस्त केलेल्या लेन्सचा भाव आधी पाहायचा. नव्यासाठी त्याच्या खाली आकडा टाकण्यात अर्थ नाही, आणि तोच बरा वाटला तर सरळ तीच घ्यायची. दुसरं, पैसे अडकवण्याआधी विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे की परदेशातून परस्पर आणलेला माल विकतो, हे वाचून घ्यायचं. परस्पर आणलेल्या निकॉनच्या मालाला निकॉनची अमेरिकी शाखा हात लावत नाही.

महालातला स्टुडिओ | १० सप्टेंबर २०२४

ताई, वरच्या दादाने पद्धत बरोबर सांगितली. मी हिशेब सांगतो, कारण तो मी एकदा केला नव्हता.

मी लग्नाचे फोटो काढतो, वडिलांपासून स्टुडिओ आहे. २०१८ साली मेहुण्याकडून परदेशातून ७०-२०० लेन्स मागवली. कंपनीचं नाव घेत नाही, लेन्स उत्तमच होती. नागपुरातल्या किमतीपेक्षा एकोणीस हजार वाचले म्हणून घरी पेढे वाटले. पुढच्या फेब्रुवारीत उमरेड रोडच्या एका लॉनवर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि लेन्सची फोकसची मोटर बंद पडली. अंतरपाट दूर झाला ते क्षण मी हाताने रिंग फिरवून काढले. त्यातले चार धड आले. नवरीच्या आईने अल्बम पाहताना त्या पानावर हात थांबवला, काही बोलली नाही. ते मला अजून लागते.

सर्व्हिसवाल्यांनी बिल मागितलं. परदेशी बिल पाहून म्हणाले, वॉरंटी इथे चालत नाही, पैसे भरावे लागतील. लेन्स मुंबईला गेली, पाच आठवडे तिथे राहिली, चौदा हजार लागले. ऐन सिझनमध्ये भाड्याची लेन्स वापरली, ते वेगळे. वाचलेले एकोणीस हजार कुठे गेले, बोटांवर मोजा.

आता तुमचा हिशेब. डॉलर ८४ रुपये धरतो. समजा भावाने १,५०० टाकले आणि कोणी ‘हो’ म्हटलं. झाले १,२६,००० रुपये. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे आणखी ८,३०० च्या वर. मुंबईला उतरल्यावर २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे या वर्षी, २०२४ मध्ये, ५० हजारांपर्यंतच्या मालाला माफी. उरलेल्या ७६,००० वर ३५ टक्के कस्टम ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, मिळून ३८.५ टक्के. ते २९,२६०. सगळं मिळून १ लाख ६३ हजार ६०० च्या आसपास. आणि ही माफी भावाच्या सगळ्या सामानाला मिळून आहे. त्याने पोरांसाठी टॅब आणला तर तोही त्यातच.

कोणी सूट दिलीच नाही आणि पूर्ण १,६९७ मोजले, तर हाच हिशेब १ लाख ८७ हजारांवर जाते. म्हणजे बर्डीपेक्षा महाग, वर वॉरंटी सातासमुद्रापार.

पहिल्या भाऊने गळ्यात घालून आणायचं सांगितलं. मी नाही म्हणेन. पकडला तर माल जप्त होते आणि दंड बसते, आणि तुमच्या सख्ख्या भावाला दिवाळीच्या तोंडावर विमानतळावर बसवून ठेवतील. डबा नसलेली लेन्स उद्या विकायला गेलं तरी भाव पडते.

तर मग काय करायचं? किंमत तुम्हीच सांगा, पण बर्डीवर. मी हसून नाही सांगून राहिलो, २०२१ ची लेन्स मी अशीच घेतली. चिठ्ठीवर मॉडेल लिहिलं, आकडा लिहिला, खाली लिहिलं ‘पक्कं बिल, आजच पैसे’. आपल्याकडे डब्यावर एमआरपी छापलेली असते, त्याच्या वर कोणी घेऊ शकत नाही, खाली किती यायचं ते दुकानदाराच्या हाती. दोघांनी चिठ्ठी परत केली. तिसऱ्याने माझ्यासमोर वितरकाला फोन लावला आणि माझ्या आकड्याच्या फक्त दोन हजार वर येऊन थांबला. ‘किती कमी कराल?’ असं विचारणाऱ्याला दुकानदार रोज पाहते. आकडा लिहून पैसे सोबत घेऊन आलेला माणूस त्याला वेगळा दिसते. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात जा.

मला तर बिलात भरलेला १८ टक्के जीएसटी स्टुडिओच्या करातून वळता करून घेता येते, तुम्हाला ते मिळणार नाही. पण इथल्या बिलाची वॉरंटी दोघांनाही सारखीच.

पेंच सिल्लारी | ११ सप्टेंबर २०२४

स्टुडिओवाल्या भाऊंशी सहमत. एक भर घालते. दुकानात डबा हातात आला की बाजूचं स्टिकर वाचा. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हे छापलेलं असायलाच पाहिजे. ते नसेल तर तो माल तुमच्या भावाच्या बॅगेतून आल्यासारखाच कुणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे.

आणि घेण्याआधी एक दिवस भाड्याने घेऊन पाहा. ही लेन्स ट्रायपॉडला जोडायची कडी (कॉलर) काढूनही दोन किलोच्या जवळ भरते. झेड ५० चा सेन्सर लहान, त्यावर लावली की दीडपट हिशेबाने २७०-९०० सारखी दिसते, गरुड भरपूर मोठा येईल, पण हात हलला तर तोही तितकाच दिसेल.

गोरेवाडा_पहाट | ११ सप्टेंबर २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टुडिओवाले दादा, तुमचा हिशेब वहीत उतरवून घेतला. भावाला वाचून दाखवला, तोही गप्प झाला. त्याला ड्युटीचं डोक्यातच आलं नव्हतं.

संत्रानगरी, तुम्ही मदतीच्याच हेतूने सांगितलं असेल, पण माझ्यासाठी भावाने अधिकाऱ्यासमोर खोटं बोलावं हे मला नको आहे. मी वर्गात रोज पोरांना काय सांगते ते मला माहीत आहे.

चिठ्ठी लिहिते. आकडा १,६०,०००.

गोरेवाडा_पहाट | १७ नोव्हेंबर २०२४

उशिरा कळवते आहे, शाळेच्या परीक्षा होत्या.

दसऱ्याच्या आधी दोन शनिवार फिरले. पहिल्या दुकानात तरुण मुलाने चिठ्ठी वाचलीही नाही. दुसऱ्याने चहा पाजला आणि १,७२,००० च्या खाली येणार नाही म्हणून सांगितलं. तिसरे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मी कशाचे फोटो काढते ते विचारलं, आत जाऊन फोन केला आणि १,६६,००० म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे एक साठच आहेत. ते म्हणाले, ‘दसऱ्यापर्यंत ठेवतो तुमच्यासाठी.’

घरी येऊन भावाला सांगितलं. त्याने त्याच संध्याकाळी सहा हजार पाठवले आणि लिहिलं, ‘भाऊबीजेची ओवाळणी आधीच दिली, आता ताटात नारळ तेवढा टाकीन.’ मी रडले, खरं सांगते.

पक्कं बिल माझ्या नावावर आहे, डब्यावर स्टिकर आहे, सगळं ताडून घेतलं. भाऊबीजेनंतर तो आणि मी दोघं गोरेवाड्याला गेलो. ते वठलेलं झाड पावसात आडवं झालं आहे, त्यामुळे गरुड आता कुठे बसतो ते नव्याने शोधावं लागेल. खंड्या मात्र मिळाला, चोचीतल्या मासोळीचे खवलेसुद्धा मोजता येतात.

एक विचारायचं होतं. तासभर हातात धरली की उजवा खांदा भरून येतो. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, कोणी वापरतं का, आणि नागपुरात कुठला मिळेल? त्याचीही चिठ्ठी लिहायची तयारी आहे.