सोन्याची अंगठी आणि दाराजवळची सतरंजी: याकोबाचा दुसरा अध्याय आपल्याला लागू आहे काय?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता):
आमची मंडळी (चर्च) यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे आणि तिच्यातील बहुतेक घरे मजुरीवर चालतात. यंदाच्या कापणीच्या सणाला लोकांनी नेहमीप्रमाणे तुरीच्या शेंगा, ज्वारी, कापसाची गाठोडी आणि कोंबड्या आणल्या. या अर्पणांच्या लिलावात एकच कोंबडा तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो पुन्हा अर्पण करत होता. तो आनंद खराच होता. मात्र उपासनेपूर्वी घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कापूस वेचायला जाणारी एक वृद्ध विधवा, गुडघे दुखतात म्हणून, पुढे भिंतीला टेकून बसली होती. छताच्या टिनपत्र्यांसाठी देणगी दिलेले व्यापारी आले, तेव्हा तिला उठवून दाराजवळच्या सतरंजीवर बसवले गेले आणि तिच्या जागी कापड चढवलेली खुर्ची मांडण्यात आली. त्यानंतर तीन रविवार ती आली नाही, आणि ती का आली नाही, हे कोणी विचारलेही नाही.

बायबलच्या नव्या करारातील आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याकोबाने हेच चित्र रेखाटले आहे: सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीबही येतो, पहिल्याला चांगली जागा मिळते आणि दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगितले जाते. पक्षपातासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ तोंड पाहून स्वीकारणे असा होतो. आपण ज्याला तोंड पाहून टिळा लावणे म्हणतो, ते हेच. याकोब याला केवळ असभ्यपणा म्हणत नाही, तर पाप म्हणतो, आणि नियमाचा एक भाग मोडणारा सगळ्याच नियमाचा दोषी ठरतो असे पुढे बजावतो.

मंडळीचा जुना सेक्रेटरी:
भाऊ, आपली कळकळ समजते, परंतु आपण पाहुण्याचा मान आणि पक्षपात यांत गल्लत करत आहात. ते व्यापारी आपल्या मंडळीचे सभासद नाहीत. ते त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. ज्याला मान द्यायचा त्याला तो द्यावा, असे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिलेच आहे. शिवाय जुन्या करारातील लेवीय 19:15 मध्ये श्रीमंताची भीड धरण्याबरोबरच गरिबाची बाजू घेण्यासही मनाई आहे. गेल्या पावसाळ्यात गळक्या छतामुळे पुलपिटावर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) बादली ठेवून उपासना करावी लागली होती, हेही विसरू नये.

काळी माती:
सेक्रेटरी काका, लेवीयातील ते वचन न्यायनिवाड्यासंबंधी आहे. गरीब आहे म्हणून खोटा निकाल देऊ नका, एवढेच ते सांगते. गरिबाला बसल्या जागेवरून उठवायला ते परवानगी देत नाही. आणि त्याच अध्यायात, तीनच वचनांनंतर, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. याकोब जिला राजमान्य नियम म्हणतो ती हीच. बादलीचे मात्र मला पटते.

वेचणीवाला:
मी ख्रिस्ती नाही, पण लग्नाच्या पंगतीत सालदाराचे पान नेहमी शेवटी का मांडले जाते, हे मला लहानपणापासून खटकत आले आहे. तुमच्या पुस्तकात याविरुद्ध इतके स्पष्ट लिहिलेले असूनही तुमच्याकडे तेच चालते, हे वाचून थोडे आश्चर्य वाटले आणि, खरे सांगायचे तर, थोडा धीरही आला.

कृपेने तारलेला:
या चर्चेचा रोख मला धोक्याचा वाटतो. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी होत नाही, असे इफिसकरांस पत्र सांगते. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याची उपमा दिली, ती याच काळजीतून. मंडळी म्हणजे निराधार योजनेचे कार्यालय नव्हे. दुसरेही एक वास्तव आहे: आपण कोणाच्या घरी ज्वारीची पायली नेली की गावात आमिष दाखवून धर्मांतर केल्याचा आरोप होतो. अशा वेळी वचन सांगणे हेच आपले पहिले काम उरते.

काळी माती:
लूथरनेच त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वासाला जिवंत, सतत कामात गुंतलेला म्हटले आहे; तेव्हा त्याचे अर्धेच वाक्य घेऊ नये. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला, हे उत्पत्तीतील वचन पौलही देतो आणि याकोबही देतो. पौल विचारतो की मनुष्य आत कसा येतो. याकोब विचारतो की आत आलेला मनुष्य जिवंत आहे की नाही. उघड्या, उपाशी भावाला ऊब घ्या, तृप्त व्हा असे म्हणून रिकाम्या हाती वाटेला लावणाऱ्याचा विश्वास त्याला मेलेला वाटतो. एकच देव आहे, असे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे तो किती बोचरेपणाने लिहितो! राहता राहिला आमिषाचा प्रश्न. ही बाई आपल्याच मंडळीतली आहे, काका. तिला भिंतीजवळची जागा परत दिली, तर गावात कोण कशाचा आरोप करणार?

धुऱ्यावरचा:
काल मी तिच्या घरी जाऊन आलो. खाटेवर बसून ती गुडघ्याला एरंडाचे पान बांधत होती. खुर्चीबद्दल तिने एक शब्द काढला नाही. सतरंजीवरून उठताना दोन पोरांना तिला धरावे लागले आणि सारे पाहत होते, त्याची लाज वाटली, एवढेच ती म्हणाली. दया न्यायावर विजय मिळवते, हे वचन मला पाठ होते. ते तिच्यासमोर उच्चारण्याचे धाडस मला झाले नाही.

मंडळीचा जुना सेक्रेटरी:
तिचे गुडघे इतके बिघडले आहेत, हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असायला हवे होते. परंतु ती खुर्ची मंडपवाल्याची होती. मंडळीची स्वतःची एकही खुर्ची नाही.

धुऱ्यावरचा:
मग लिलावाच्या पैशातून सहा खुर्च्या घ्याव्यात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधी त्यांवर कोणी बसू नये.

मंडळीचा जुना सेक्रेटरी:
तो पैसा उरलेल्या टिनपत्र्यांसाठी राखून ठेवला आहे. तरीही रविवारी पाळकसाहेबांसमोर विषय मांडतो; आपणही या, आणि त्या आजींना बंडीतून घेऊन या.